गाळापासून कलादालनापर्यंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात माझं मातीकामाचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. तेव्हापासून सिरॅमिक शिकणारे, घरी छोटी भट्टी घेतलेले, नुकतेच चाकावर बसायला लागलेले असे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात. माती कुठून आणली? तडे कसे थांबवले? सरकारी दालन कसं मिळतं? खर्च किती आला? मी सुरुवात केली तेव्हा या प्रश्नांची उत्तरं एका जागी कुठे मिळाली नव्हती. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

आधी विषय सांगते, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण त्यातूनच आली.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. मातीचे दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत मूल. त्याच वस्तीत मातीची एक झाकणाची पेटी सापडली आणि तिच्यासोबत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती व बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे. मध्ये काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. ही देवी भाजलेली नाही. गावात कुंभाराची भट्टी होती, तीही उत्खननात मिळाली. जोर्वे पद्धतीची, म्हणजे त्या काळातली इथली भांडी तर इतकी छान भाजलेली असतात की टिचकी मारली की धातूसारखी वाजतात. तरी देवी कच्चीच ठेवली.

हे कळल्यापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. आपल्याकडे आजही असंच आहे. शाडूचा गणपती कच्चा, पोळ्याचे बैल कच्चे. माठ, पणती, संक्रांतीचं सुगड, अंत्ययात्रेतलं मडकं हे सगळं भाजलेलं. माती साधारण ६०० अंशांपर्यंत तापली की तिच्या कणांत रासायनिक बंधाने धरलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर तिला कितीही भिजवा, तिचा चिखल होत नाही. त्या तापमानाच्या अलीकडे माती परत येऊ शकते, पलीकडे नाही. ज्याला परत यायचं आहे त्याला आपण विस्तवाला देत नाही, असं मला वाटत आलं आहे. पुराव्याने सिद्ध करता येईल असं हे विधान नव्हे, याची मला जाणीव आहे. माझं सगळं काम मात्र त्यावर उभं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी तेरला गेले. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनग्रंथात त्याचं नाव येतं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही अर्धे जोडून त्या केलेल्या आहेत. जवळून पाहिलं तर बाजूला जोडाची रेघ दिसते. मातीकाम करणाऱ्याने ही रेघ पाहायला तरी तेरला जावं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती ओल्या बोटाने पुसायचा प्रयत्न केलेला आहे आणि तो काही ठिकाणी जमलेला नाही.

पण मी गेले होते गोरोबाकाकांसाठी. तेर हे त्यांचं गाव, समाधीही तिथेच. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांचं तान्हं मूल पायाखाली आलं आणि त्या चिखलातच गेलं, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. पुढे मूल परत मिळतं. दुसरी कथा परीक्षेची. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा थापटणं, म्हणजे मडकी ठोकायची लाकडी फळी, घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यांवर एकेक टोला देतात, बाकीचे शांत बसतात, नामदेव रागावतात आणि कच्चं मडकं ठरतात. मग विसोबा खेचरांकडे जाऊन गुरू करतात. कीर्तनात पहिल्या कथेत भक्ती सांगतात, दुसरीत अहंकार. मला दोन्हींत माती दिसत होती. मूल परत येतं ते कच्च्या चिखलातून. इनामगावच्या आईने मूल ठेवलं ते पक्क्या कुंभात. या दोन गोष्टींमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे आणि त्यांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही. मला त्या शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या, इतकंच.

ठरलं ते असं: इनामगावच्या धर्तीवर कुंभांच्या जोड्या करायच्या, हुबेहूब प्रतिकृती नाहीत, पण तोंडाला तोंड लावलेल्या. त्या भाजायच्या. सोबत बसलेल्या बायकांच्या मूर्ती करायच्या, त्या कच्च्या ठेवायच्या. त्यातली एक प्रदर्शनात सगळ्यांसमोर पाण्यात विरघळू द्यायची. विरघळणारी कच्ची माती ही कल्पना माझी एकटीची नाही. ब्रिटनच्या फीबी कमिंग्ज यांनी न भाजलेल्या मातीचं कारंजं केलं होतं, ते पाण्याने हळूहळू झिजत गेलं आणि त्यासाठी २०१७ मध्ये त्यांना मोठा पुरस्कार मिळाला. भाजण्याच्या दुसऱ्या टोकाला पुदुच्चेरीचे रे मीकर आहेत. १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ यांच्यासोबत त्यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि पुढे कच्च्या विटांची आख्खी घरं बांधून ती घरंच भट्टीसारखी भाजली. या दोन माणसांच्या कामाने मला धीर दिला.

डिसेंबरमध्ये संग्रहालयांना अर्ज केले. काचेबाहेरून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. बसून रेखाटनं करायची, मापं घ्यायची, फोटो काढायचे तर लागते. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कुठल्या वस्तू पाहायच्या आहेत, का, फोटोंचा उपयोग कशासाठी, आणि फ्लॅश वापरणार नाही. सोबत ओळखपत्राची प्रत आणि तुमच्या आधीच्या कामाचे दोन-तीन फोटो जोडा. मी पहिल्यांदा जिथे अर्ज दिला तिथे महिनाभर काहीच हललं नाही. मग प्रत्यक्ष जाऊन आवक क्रमांक घेतला आणि फोनवर तो क्रमांक सांगायला लागले, तशी चौकशी सोपी झाली. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुठल्याही कार्यालयातून बाहेर पडू नका. फेब्रुवारीत परवानगी आली. रेखाटनं करताना फोटोंत न दिसलेली एक गोष्ट दिसली. कुंभांच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. एक थोडा मोठा, एक थोडा लहान. ज्यांनी हे मूल ठेवलं त्यांनी घरात असलेली भांडी घेतली असावीत असं वाटून गेलं, आणि त्या दिवशी पुढे रेखाटन झालं नाही.

माती मे २०२४ मध्ये आणली. मला घोड नदीच्या खोऱ्यातलीच माती हवी होती, पण प्राचीन टेकाडावरची अजिबात नाही. हे ठासून सांगते, कारण हौसेने लोक तसं करतात. पुरातत्त्वीय स्थळावरून खापराचा तुकडासुद्धा उचलू नये. संरक्षित जागी तो गुन्हा आहे, आणि संरक्षित नसलेल्या जागीही उचललेलं खापर त्याच्या थरातून तुटतं, मग ते कुणाला काहीच सांगू शकत नाही. मला माती मिळाली ती ओळखीच्या एका शेतकरी दादांकडे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारची योजना आहे, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. दादांच्या बांधावर अशाच गाळाचा ढीग होता. “किती पायजे तेवढा न्या, पण पावसाच्या आत न्या,” ते म्हणाले. पाच पोती भरून टेम्पोने पुण्यात आणली, भाडं दोन हजार दोनशे. मातीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. इथे एक लक्षात घ्या. पारंपरिक कुंभारांना मातीसाठी शासनाची सवलत असते, ती तुम्हा-आम्हाला लागू नाही. जास्त माती हवी असेल तर तलाठी कार्यालयात आधी विचारा.

आता चाचण्या. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा. विकतची स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी) पोत्यावर लिहिल्याप्रमाणे वागते. गाळ कसा वागेल ते गाळच सांगतो. आधी तो खडखडीत वाळवायचा, कारण पूर्ण कोरडी माती पाण्यात पटकन फुटते. अर्धवट ओली गोळ्यागोळ्याने तशीच राहते. मग बादलीत भिजवून चाळायचा. जून-जुलैभर आमच्या गच्चीत बादल्याच बादल्या होत्या. चाळलेला पातळ चिखल सुती कापडावर ओतून, प्लास्टरच्या लाद्यांवर घट्ट केला.

चाचणीची पट्टी सोपी असते. पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची, वाळल्यावर मोजायची, भाजल्यावर परत मोजायची. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. नुसत्या गाळाची रेघ वाळूनच पावणेनऊ सेंटिमीटरच्या खाली आली, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या, मध्ये तडे गेले. नदीची बारीक वाळू आणि जुन्या भाजलेल्या मडक्यांचा चुरा मिसळत गेले. मातीच्या चौथ्या हिश्श्याइतका चुरा घातल्यावर आक्रसणं आटोक्यात आलं.

त्याहून चिवट अडचण चुनखडीची. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. पहिल्या पट्ट्या एका स्टुडिओच्या विजेच्या भट्टीत भाड्याने भाजल्या, एका फळीचे आठशे रुपये. लालभडक, सुंदर निघाल्या. चार दिवसांनी पाहते तर प्रत्येकीवर नखाएवढे टवके उडालेले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. भट्टीत चुनखडीचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरची माती उडवतो. ज्यांच्या भांड्यांना असे टवके उडतात त्यांनी ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाला, दोष देण्याआधी माती तपासावी. उपाय दोन केले. माती ८० नंबरच्या चाळणीतून काढली, म्हणजे खडे गेले आणि राहिले ते कण अगदी बारीक. दुसरं, तापमान कमी ठेवलं. ८०० अंशांच्या आसपास भाजलेल्या पट्ट्या टिकल्या. ११०० अंशांना हाच गाळ चॉकलेटी होऊन फुगला, जवळजवळ वितळला. म्हणजे या मातीला स्टोनवेअर व्हायचंच नव्हतं. ती माठाची माती होती आणि माठासारखीच भाजायला हवी होती. ग्लेझचा विचार मी तिथेच सोडला. त्याऐवजी गेरूचा पातळ लेप देऊन गुळगुळीत गोट्याने घोटायचं ठरवलं.

एक आरोग्याची गोष्ट. कोरड्या मातीची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. मातीच्या खोलीत केरसुणी फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसा. चुरा कुटताना चांगला मास्क लावा. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट पाळा.

कुंभ करायला मला माणूस हवा होता, आणि इथे केशवनगर-मुंढव्याच्या कुंभारवाड्यातले एक मामा भेटले. चाकावर तोंड आणि गळा काढायचा, पोट जाड ठेवायचं, आणि ते थोडं सुकलं की आतून गुंडा, म्हणजे हातात मावणारा गोल ठोकळा, धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत फुगवायचं. हे मी कुठल्याही कार्यशाळेत शिकले नव्हते. गुंडा आणि थापटणं एकाच वेळी एकाच जागी, मध्ये मातीची भिंत. आत धरलेला हात दिसत नाही, आवाजावर काम चालतं. भिंत पातळ झाली की आवाज बदलतो. मामा पाठ करून बसलेले असायचे आणि तिथूनच म्हणायचे, “ताई, बस झालं तिथं, आता पुढं सरका.”

मी त्यांना इनामगावबद्दल सांगितलं. कुंभ कशासाठी, आत काय असायचं. मला वाटलं होतं, अशुभ म्हणतील. ते थोडा वेळ थापटत राहिले. मग म्हणाले, “लेकराला आजबी जाळत न्हाईत. पुरत्यात. त्यात काय नवीन?” पुढे त्यांनी त्या कुंभांच्या कडा स्वतः पुसून दिल्या, मी न सांगता.

मामांचं वर्ष कळलं म्हणून माझं वेळापत्रक जमलं. तुम्हाला एखाद्या कुंभाराच्या आव्यात, म्हणजे लाकडं-गोवऱ्या रचून लावलेल्या उघड्या भट्टीत, काही भाजायचं असेल तर हे लिहून ठेवा. पोळ्याआधी बैल, मग गणपती, मग घटस्थापनेचे घट, मग दिवाळीच्या पणत्या, डिसेंबरपासून संक्रांतीची सुगडं, आणि संक्रांत झाली की उन्हाळ्याचे माठ. या सगळ्यात आपल्यासाठी फट उरते ती दिवाळीनंतरची. २०२४ ला दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, त्यामुळे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ठरला. तोवर पावसाळ्यात केलेले कुंभ प्लास्टिकमध्ये गुंडाळून हळूहळू वाळत होते. दमट हवेत कडा आधी वाळतात, पोट ओलं राहतं आणि गळ्याशी तडा जातो. कडांना ओल्या कापडाची पट्टी बांधून ठेवली की हे टळतं.

दरम्यान दालनाचं प्रकरण सुरू झालं होतं. ऑगस्टमध्ये एका सरकारी कलादालनाचा अर्ज भरला. नाव लिहीत नाही, कारण असे अनुभव बऱ्याच ठिकाणी येतात. अर्जात प्रकार निवडायचा होता: चित्र, शिल्प, छायाचित्र, हस्तकला. सिरॅमिक नाही. मी ‘शिल्प’ लिहिलं. खिडकीवरच्या साहेबांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, ही मडकी आहेत. हस्तकलेत टाका.” हस्तकलेत टाकलं की प्रदर्शन-विक्री धरतात आणि भाडं जवळजवळ तिप्पट. पैशांचा प्रश्न होताच, पण मला खरं दुखलं ते वेगळ्याच कारणाने. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा चालत होती. ब्रह्मदेव पंडित यांना २०१३ मध्ये मातीकामासाठी पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतातलं पहिलं सिरॅमिक त्रैवार्षिक प्रदर्शन झालं. मामांचं मडकंही कमी नाही आणि माझं कामही ‘नुसतं मडकं’ नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्या खिडकीवर मला सांगता येईनात.

घरी येऊन लेखी निवेदन केलं, एका पानाचं. त्यात वरच्या तीन गोष्टी, माझी संकल्पना सात-आठ ओळींत, मांडणीचा आराखडा, आणि ‘या प्रदर्शनात प्रत्येक कलाकृती एकमेव आहे, साच्यातून काढलेल्या प्रती विक्रीला नाहीत’ असं वाक्य. हे शेवटचं वाक्य निर्णायक ठरलं, असं नंतर तिथल्याच एका बाईंनी सांगितलं. सप्टेंबरअखेर ‘शिल्प’ या प्रकारात मंजुरी आली. तारखा मिळाल्या डिसेंबरच्या.

मग विधानसभेची निवडणूक लागली. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले, आधीची आरक्षणं मागे सरकली आणि माझी डिसेंबरची तारीख दुसऱ्या कुणाला गेली. पत्र आलं, खेद व्यक्त केलेला होता, नवी तारीख नव्हती. तो आठवडा फार वाईट गेला. निमंत्रणपत्रिकेचं काम दिलेलं होतं, नोकरीतली रजा मंजूर झालेली होती. मतमोजणीनंतर लगेच जाऊन भेटले, जुन्या मंजुरीचं पत्र आणि अनामत रकमेची पावती दाखवली, तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मिळाला. निवडणुकीच्या वर्षात सरकारी दालन घेणार असाल तर पत्रिका छापायची घाई करू नका आणि अनामतीची मूळ पावती जपा.

आवा लावला तो मतदान झाल्यावरच्या रविवारी. खाली लाकडं आणि गोवऱ्या, वर कुंभ, मध्ये मामांची काही छोटी मडकी, त्यावर परत गोवऱ्या, पाचट, आणि वरून खापरं व राखेचा थर. कुंभांच्या जोड्या तोंडाला तोंड लावूनच रचल्या. एकत्र भाजल्या तर कडा वाकल्या तरी सारख्या वाकतील, ही मामांची युक्ती. पेटवल्यावर पहिले दोन-तीन तास नुसता पांढरा धूर. आतलं उरलेलं पाणी निघत असतं, आणि इथे घाई केली तर भांडी फुटतात. मामांनी हवेची तोंडं मातीने लिंपून आग दाबून ठेवली. संध्याकाळी ती उघडली तेव्हा आतून लाल दिसायला लागलं. मी पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र, घेऊन गेले होते. पावणेआठशेच्या आसपास आकडा होता. मामांनी खापराच्या फटीतून आत पाहिलं आणि “झालं” म्हणाले. त्यांना आकड्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवा उघडला. मामा एकेक कुंभ उचलायचे, राख फुंकायचे आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. टणक वाजला की बाजूला. एक कुंभ बद्द वाजला. वरून काहीही दिसत नव्हतं, पाण्याचा हात फिरवल्यावर तडा केसासारखा उमटला. गोरोबांच्या त्या थापटण्याच्या गोष्टीत काय तपासलं जात होतं ते मला त्या दुपारी हाताला कळलं. हवा कमी मिळाली तिथे कुंभ आतून काळे आणि बाहेरून तांबडे झाले होते. एका जोडीच्या कडांना एकमेकींची काळी सावली पडली होती, जिथे टेकल्या होत्या तिथे अर्धचंद्रासारखी. ती मी ठरवून कधीच करू शकले नसते. तड्याचा कुंभ टाकला नाही. त्याचा जोडीदार आणि तो, दोन्ही प्रदर्शनात ठेवले, थोडे लांब लांब.

प्रदर्शनाआधीच्या कामांबद्दल थोडक्यात. कुंभ आधी जुन्या सुती साडीत, मग खोक्यात, आणि ते खोकं भुश्याने भरलेल्या मोठ्या खोक्यात. छोटा हत्ती टेम्पो ठरवला, येण्या-जाण्याचे पाच हजार. कुंभ मांडायचे ठोकळे मंडपवाल्याकडून भाड्याने घेतले आणि दालनातच पांढरा रंग दिला. भाजलेल्या मातीला चिकटपट्टी लावू नका, घोटलेला लेप निघतो. कुंभ आडवे गडगडू नयेत म्हणून खाली वाळूच्या चपट्या पिशव्या ठेवल्या.

पाण्यासाठी वेगळं हमीपत्र द्यावं लागलं. दालनात पाणी आणायला परवानगी नव्हती. नियम रास्त आहे, खाली लाकडी जमीन. ट्रे गळका नाही याचा फोटो, पाण्याचं प्रमाण आणि नुकसान झाल्यास भरपाईची हमी, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. थेंब सोडायला औषधाच्या दुकानातून सलाइनचा सेट आणला. त्याच्या चाकाने मिनिटाला किती थेंब पडावेत ते हवं तसं ठेवता येतं. याहून स्वस्त आणि अचूक साधन मला सापडलं नाही.

कच्ची बाई पहिल्या दिवशी सकाळी बसवली. दुपारपर्यंत खांद्याला पन्हळ पडली. दुसऱ्या दिवशी डोकं पुढे आलं आणि संध्याकाळी मांडीवर उतरलं. मला वाटलं होतं लोक फोटो काढून पुढे जातील. बरेच जण परत आले, रोज. शाळेची मुलं आली, त्यातल्या एकाने विचारलं, “हिला वाचवत का नाही?” त्याच्या बाई त्याला गप्प करायला लागल्या, मी म्हटलं थांबा. त्याला बाजूच्या कुंभाला हात लावू दिला, मग ट्रेमधल्या चिखलात बोट बुडवू दिलं, आणि सांगितलं की या कुंभाचं आता दुसरं काही होऊ शकत नाही, या चिखलाचं अजून काहीही होऊ शकतं. तो म्हणाला, “मग हिची परत बाई करणार?” मी हो म्हटलं. मार्चमध्ये तो गाळ वाळवला, चाळला आणि त्याची परत बाई केली.

शेवटच्या दिवशी मामा आले, घरच्यांना घेऊन. सगळ्या कुंभांना टिचकी मारून झाली. तड्याच्या कुंभाजवळ थांबून ते मला म्हणाले, “ह्याला बी मांडलंत, बरं केलंत.”

हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. माती, चाळण्या, प्लास्टर आणि चाचणीच्या भट्ट्या मिळून साधारण चौदा हजार. मामांची मजुरी आणि आवा अठरा हजार; त्यांनी कमी सांगितले होते, पण जितका वेळ त्यांनी दिला त्याचे तेवढे तरी व्हायलाच हवेत. दालनाचं भाडं, ठोकळे, वाहतूक, फोटो आणि छपाई मिळून एकोणतीस हजारांच्या आसपास. शिवाय दहा हजारांची अनामत, ती परत मिळते. तीन जोड्या विकल्या गेल्या, त्यातून बेचाळीस हजार आले. वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असल्याने राज्यातल्या राज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागली नाही. पण प्रत्येक विक्रीचं साधं बिल केलं आणि त्यावर ‘हाताने केलेली एकमेव कलाकृती, ओल्या जागी ठेवू नये, आत पाणी भरू नये’ असं लिहिलं. कमी तापमानाला भाजलेली माती पाझरते, हे घेणाऱ्याला आधीच कळलेलं बरं.

अनामत परत मिळायला मे उजाडला. अर्जासोबत रद्द केलेला धनादेश, मूळ पावती आणि दालन सुस्थितीत परत दिल्याचं तिथल्या काळजीवाहकाच्या सहीचं पत्र लागतं. हे पत्र सामान बाहेर काढण्याच्या दिवशीच घ्या, नंतर तो माणूस भेटत नाही. मातीच्या चाचण्यांची माझी वही, मिश्रणाची प्रमाणं आणि पट्ट्यांच्या फोटोंसकट, मी स्कॅन करून ठेवली आहे. घोड, भीमा किंवा तेरणेच्या काठची माती कुणी वापरून पाहणार असेल तर सांगा, पाठवते.